वेळापत्रकातली वजाबाकी

रावेतमध्ये सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर दोन तऱ्हेच्या बसगाड्या थांबतात. एक चाकणच्या कारखान्यांकडे फर्स्ट शिफ्टच्या कामगारांना घेऊन जाते, दुसरी शाळेची. थांबा एकच असल्याने बाप आणि लेक पुष्कळदा एकाच वेळी घराबाहेर पडतात. दुपारी चारच्या आसपास कामगारांची बस परत येते. शाळेची बस त्याआधीच येऊन गेलेली असते. पण मुले तोवर पुन्हा बाहेर पडलेली असतात. त्यांची सेकंड शिफ्ट सुरू झालेली असते.

माझी भाची त्यांतलीच एक. गेल्या मे महिन्यात, नववीचा निकाल लागल्यावर, ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. त्यावर तिने आठवड्याचे वेळापत्रक आखले होते. शाळा रोज साडेसहा तास, सहा दिवस. इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेच्या पायाभरणीचा, म्हणजे फाउंडेशनचा क्लास, रोज तीन तास, पाच दिवस. कथक दोन तास, बॅडमिंटन दोन तास, रविवारी क्लासची तीन तासांची टेस्ट. बेरीज एकसष्ट तास. गृहपाठ, प्रकल्प आणि जाण्यायेण्याचा वेळ यात धरलेला नव्हता. “मावशी, यातलं काय सोडू? सगळेच म्हणतात, नीट प्लॅनिंग केलं तर सगळं बसतं,” ती म्हणाली. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती आणि दोन महिन्यांपासून तिचे डोके दुखत होते.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. उत्तर सुचले नाही की मागे जाऊन पाहायची मला सवय आहे. या प्रश्नाचाही इतिहास असणार, असे वाटले. अभ्यास, अंगातले इतर गुण आणि प्रकृती या तिन्हींचा मेळ घालण्याची अडचण आपल्याकडे केव्हा सुरू झाली आणि आपल्या आधीच्यांनी तिच्यावर कोणते उपाय केले, हे शोधू लागले. जे सापडले ते या लेखात मांडते आहे.

सुरुवात परीक्षेपासूनच करावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्याआधीही आपल्याकडे कठोर विद्याभ्यास होता. पाठशाळेतला विद्यार्थी बारा-बारा वर्षे घोकत असे. पण एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत, अनोळखी परीक्षकासमोर आणि परक्या भाषेत आपले सगळे ज्ञान मांडायचे आणि त्यावर नोकरी, मानमरातब व घराण्याचे भवितव्य ठरायचे, ही गोष्ट नवी होती. अभ्यासाला अंतिम तारीख आली आणि तिच्या मागोमाग तिची भीती आली.

या भीतीला दिलेले सर्वांत प्रसिद्ध मराठी उत्तर एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे आहे. १८७२ साली बाळ गंगाधर टिळकांचे वडील वारले. त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती तोळामासा होती. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्णपणे व्यायामाला दिले. तालीम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हवणे आणि पचेल तेवढे खाणे हाच त्या वर्षाचा अभ्यासक्रम होता. त्या वर्षाची परीक्षा हातची गेली. पुढे ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले, वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले, मंडालेचा तुरुंगवास सोसला आणि चौसष्ट वर्षे जगले. ही गोष्ट शाळेत सर्वांना सांगतात. सांगताना जोर व्यायामावर असतो. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते : टिळकांनी अभ्यासात व्यायामाची भर घातली नाही. त्यांनी एक वर्षाचा अभ्यास खाली ठेवला आणि त्याची किंमत गुणपत्रिकेवर चुकती केली.

रावेतजवळून वाहणारी पवना दापोडीला मुळेला मिळते आणि तेच पाणी पुढे संगमावरून डेक्कन कॉलेजच्या बाजूने जाते. ज्या नदीत ते पोहले तिच्याच वरच्या अंगाला आम्ही राहतो. पण टिळकांसारखे एक वर्ष बाजूला काढणे आमच्याकडच्या किती घरांना जमेल? हा प्रश्न त्याच कॉलेजच्या वसतिगृहात तेव्हाही होता. तिथे टिळकांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर होते. दोघे एकाच वर्षी, १८५६ मध्ये जन्मलेले. आगरकरांजवळ एकच सदरा होता आणि तो रात्री धुऊन सकाळी घालावा लागे, ही आठवण सर्वश्रुत आहे. शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि मिळेल ते काम यांवर त्यांचे शिक्षण झाले. परीक्षा हुकवणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने शिक्षणच संपणे. प्रकृतीसाठी वर्ष द्यायला ते वर्ष आधी हातात असावे लागते. टिळकांजवळ वडिलांनी मागे ठेवलेला थोडाफार आधार होता, आगरकरांजवळ काहीच नव्हते. दम्याने पोखरलेल्या देहाने त्यांनी शाळा, कॉलेज, ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ चालवले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले.

आगरकर एकटे नव्हते. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेले. त्या शाळेचे आधारस्तंभ आणि संस्कृत-इंग्रजी कोशाचे कर्ते वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. आपटे हे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्राचार्य, आगरकर दुसरे. दोघांचाही मृत्यू पदावर असताना झाला. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग १ सप्टेंबर १८९३ रोजी त्रेचाळिसाव्या वर्षी वारले. आनंदीबाई जोशी तर १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होऊन परतल्या आणि काही महिन्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेल्या.

तेलंगांच्या जागी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून रानड्यांची नेमणूक झाली. लगेच पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, रानड्यांनी पदवीधरांमधल्या मृत्यूंचे प्रमाण इतके का, या विषयावर भाषण केले. ते इंग्रजी भाषण त्यांच्या संकीर्ण लेखनाच्या संग्रहात आहे. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने त्या रिकामेपणाचे कारण विचारावे, यात मला त्या काळाची अस्वस्थता दिसते. परीक्षांचा ताण, सगळे शिक्षण परभाषेतून घेण्याचा शीण, दारिद्र्य, लवकर झालेली लग्ने, कोंदट खोल्या अशी अनेक कारणे त्या काळच्या चर्चेत येत होती. मराठीला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून रानड्यांनी अखेरपर्यंत केलेल्या खटपटीमागेही, डोक्यावरचा परभाषेचा भार कमी व्हावा, ही जाणीव होती असे मला वाटते.

इथे इतिहासकाराने सावध राहायला हवे. त्या काळी एकूण आयुर्मानच कमी होते. क्षय, विषमज्वर आणि पटकी पदवी पाहून येत नसत. पहिल्या चार पदवीधरांतले भांडारकर अठ्ठ्याऐंशी वर्षे जगले. तेव्हा परीक्षेने माणसे मारली, असे सरळ म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच की, विद्येची किंमत शरीराने चुकवावी लागते का, हा प्रश्न महाराष्ट्राने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उघडपणे विचारला होता.

पण या प्रश्नाला एक काळी कडाही आहे आणि ती लपवून चालणार नाही. १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो. तिथे मुलींना इंग्रजी, गणित आणि इतर विषय मुलांसारखेच शिकवले जाऊ लागले तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांतून त्या अभ्यासक्रमावर टीका सुरू झाली. मुलींवर हे ओझे कशाला, शाळेचे तास कमी करावेत, घरकामाला वेळ राहिला पाहिजे, असा तिचा रोख होता. त्या बाजूचे सर्वांत वजनदार नाव टिळकांचे. स्वतःच्या प्रकृतीसाठी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवणारा तरुण पंधरा वर्षांनी मुलींचा अभ्यास कमी करा म्हणत होता. पण ते त्यांचा वेळ त्यांना परत देण्यासाठी म्हणत नव्हता. शाळेतून काढलेला तास मुलीला मिळणार नव्हता, चुलीला मिळणार होता. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे, असे म्हणणारे आगरकर इथे टिळकांच्या समोर उभे होते.

हे वाचल्यावर मी भाचीच्या कागदाकडे पुन्हा पाहिले. तिचे ओझे कमी व्हावे असे मला वाटत होते. पण कमी करताना विचारायला हवे की सुटलेला तास जातो कुठे. आजही मुलीचा क्लास ‘झेपत नाही’ म्हणून बंद करणारी आणि मुलाचा चालू ठेवणारी घरे आपल्या ओळखीची आहेत. काळजीची भाषा तीच राहते, हेतू बदलू शकतो.

विसाव्या शतकात दुसरा मार्ग सुरू झाला. अभ्यास कमी करण्याऐवजी त्याच्या शेजारी इतर गोष्टींना मानाची जागा द्यायची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गाणे कोठ्यातून आणि दरबारातून बाहेर काढून सभ्य घरांत न्यायचे तर त्याला शाळेचा आकार हवा, अशी त्यांची दृष्टी होती : वर्ग, क्रमिक पुस्तके, परीक्षा, प्रमाणपत्र. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या आज मराठी मध्यमवर्गाला पाठ आहेत. व्यायामाचेही तसेच झाले. शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली आणि शरीरशिक्षणाला शिक्षणसंस्थेचे रूप दिले. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तर खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोचल्या.

यात मिळालेला लाभ मोठा आहे, हे आधी कबूल करायला हवे. पलुस्करांची शाळा नसती तर माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी मुलींना गाण्याच्या वर्गाला जायची परवानगीच मिळाली नसती. ‘परीक्षा आहे’ हे कारण घरच्यांना पटत असे. परीक्षेमुळे कला प्रतिष्ठित झाली. पण परीक्षेच्या पाठोपाठ गुण आले. दहावीच्या निकालात खेळाडूंना वाढीव गुण मिळू लागले. अलीकडच्या नियमांत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ गुण आहेत. शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षांनाही वाढीव गुण आहेत. धोरणाचा हेतू चांगला होता : खेळणाऱ्या, गाणाऱ्या मुलाचे नुकसान होऊ नये. घडले असे की, अभ्यासातून विसावा म्हणून जी गोष्ट होती, ती अभ्यासाच्याच खात्यात जमा झाली. २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीला २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यांपैकी ११३ एकट्या लातूर विभागातले. शंभर टक्के हा आकडा जिथे शक्य होतो, तिथे प्रत्येक वाढीव गुण म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी पुढे जाण्याची पायरी असते. मग पाय थिरकताना मनात टक्केवारी चालू राहिली तर दोष मुलीला कसा द्यायचा?

आता आमच्या पट्ट्याकडे येते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. रावेत त्या पालिकेत आले ते १९९७ साली. तोवर ते पवनेकाठचे शेतीचे गाव होते. या पट्ट्यात दहावीच्या गुणांना पूर्वी एक ठोस अर्थ होता. बरे गुण पडले की आयटीआय किंवा टेल्कोच्या प्रशिक्षण विभागात अप्रेंटिस, आणि तिथून कायम नोकरी. दोन-तीन वर्षांत घर उभे राहत असे. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी आणि १९७७ मध्ये पहिली बारावी झाली, तेव्हा शालान्त परीक्षा एका वर्षाने अलीकडे आली आणि खरी शर्यत दोन वर्षे पुढे सरकली. कायम नोकऱ्या आटत गेल्या तशी शर्यत अधिक लांबली. आता ती आठवीत सुरू होते. अप्रेंटिसचा मुलगा इंजिनिअर व्हावा, ही आकांक्षा न्याय्यच आहे. तिच्या वाटेवर क्लास उभा राहिला.

याच परिसरात, आमच्या घरापासून फार लांब नाही, एक वेगळा प्रयत्नही झाला. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलांना नेहमीची शाळा पुरत नाही, त्यांना अधिक हवे, हा तिचा पाया. सुरुवातीला ती शाळाही नव्हती. निरनिराळ्या शाळांतली मुले शाळेनंतर एकत्र येत. प्रशाला निघाली १९६९ साली. ‘अधिक’ म्हणजे अधिक धडे, असा अर्थ तिथे घेतला गेला नाही. दलावर खेळणे, सहली, प्रकल्प, बरची नृत्य आणि ढोल हे सारे त्यात होते. पुढे निगडीच्या प्राधिकरणात त्यांचे नवनगर विद्यालय झाले आणि खेळाडू मुलांसाठी क्रीडाकुलही. क्रीडाकुलात खेळ आणि अभ्यास एकाच वेळापत्रकात बसवलेले असतात. मला त्यातले हे महत्त्वाचे वाटते की, तिथे एकाच छपराखाली कोणीतरी मुलाच्या पूर्ण दिवसाकडे पाहते. माझ्या भाचीच्या बाबतीत शाळा शाळेपुरते पाहते, क्लास क्लासपुरते, कथकच्या बाई कथकपुरते. एकसष्ट तासांची बेरीज त्यांच्यापैकी कोणीच केलेली नव्हती. ती तिने स्वतः केली.

सरकारने बेरजेचा विचार केला नाही, असे नाही. १९८९ साली राज्यसभेत आर. के. नारायण यांनी मुलांच्या दप्तरांच्या वजनावर भाषण केले. पुढे यशपाल समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. दप्तराच्या वजनाहून न समजता शिकण्याचे ओझे मोठे आहे, हे तिचे मुख्य प्रतिपादन होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे ठरवले. अकरावी-बारावीची मुले कॉलेजात नाव घालून दिवसभर क्लासलाच बसतात, हे ध्यानात आल्यावर २०१८ मध्ये काही शहरांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांतली भिंत काढण्याची भाषा केली. वजन तोलले, हजेरी मोजली. तास मात्र कोणी मोजले नव्हते.

तास मोजण्याचा खरा इतिहास सापडतो तो शाळेबाहेर, कारखान्यात. हे मला सुचवले माझ्या मेहुण्यांनी. ते चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत. आमच्याकडच्या अनेक कारखान्यांप्रमाणे त्यांचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कागद पाहून ते म्हणाले, “मला गुरुवार आहे. हिचा गुरुवार कुठला?”

हा प्रश्न नारायण मेघाजी लोखंड्यांचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत माणसे आठवड्याचे सातही दिवस राबत होती तेव्हा जोतीराव फुल्यांच्या या सहकाऱ्याने सभा घेतल्या, अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगार वाढवून सातवा दिवस चालू ठेवा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तो दिवसच कामातून वजा करायला लावला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. त्याच कायद्यात चौदा वर्षे पुरी झालेल्या बालकामगाराला दिवसाला साडेचार तासांहून अधिक काम आणि रात्रीचे काम देण्यास मनाई होती. सहा दिवसांचे होतात सत्तावीस तास. माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीचे एकसष्ट.

शिकणे आणि यंत्रावर काम करणे एक नव्हे, हे मान्य. शिकण्यात आनंद असतो, तो तिलाही आहे. गणिताचे कोडे सुटले की ती अजून टाळी वाजवते. पण मेंदूलाही पाठ असते आणि तीही दुखते. २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले १,८३४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणे असतात आणि सगळ्यांना परीक्षेच्या खात्यात टाकणे चूक ठरेल. तरी १८९४ साली रानड्यांनी विचारलेला प्रश्न या आकड्यांसमोर पुन्हा विचारावाच लागतो. त्या वेळी मरणारे पदवीधर होते, आता मुले आहेत.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासचालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक वर्ग घेऊ नयेत, आठवड्याला एक सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक असावा, असे सांगितले. सूचना वाचताना मला लोखंडे आठवले. गिरणी कामगाराला १८९० मध्ये मिळालेली साप्ताहिक सुट्टी क्लासच्या विद्यार्थ्याला कागदावर मिळायला एकशे चौतीस वर्षे लागली. आणि सूचनेला कायद्याचे दात नसल्याने ती अजून कागदावरच आहे.

या साऱ्या वाचनातून मला एक गोष्ट उमगली. मेळ घालण्याचे आपले बहुतेक प्रयत्न बेरजेचे होते. व्यायाम हवा म्हणून तो घातला, कला हवी म्हणून ती घातली, मनःस्वास्थ्य हवे म्हणून आता समुपदेशनाचा तास घालत आहोत. प्रत्येक भर योग्य होती आणि प्रत्येक भरीने दिवस अधिक भरला. जे उपाय खरोखर लागू पडलेले दिसतात, ते वजाबाकीचे आहेत : टिळकांचे गेलेले वर्ष, लोखंड्यांचा रविवार. आणि वजाबाकीला दोन अटी आहेत, त्या आगरकर आणि हुजूरपागेने शिकवल्या. एक, ती परवडावी लागते; एकट्या घरावर टाकली तर फक्त ऐपत असलेल्यालाच जमते, म्हणून ती सर्वांसाठी नियमाने व्हावी लागते. दोन, वजा केलेला वेळ ज्याचा आहे त्याच्याच हाती राहावा लागतो.

नियम होईल तेव्हा होईल. आमच्या घरात जूनमध्ये एवढे झाले. क्लास बंद करायचा नाही, असे भाचीने स्वतः सांगितले. तिला तिथले भौतिकशास्त्र आवडते. तिने रविवारची टेस्ट सोडली. क्लासने नापसंती कळवली, मेहुण्यांनी ऐकून घेतले. कथक ती करते, पण यंदा परीक्षेचा अर्ज भरला नाही. म्हणजे दहावीचे काही वाढीव गुण गेले. माझी बहीण दोन दिवस गप्प होती. बेरीज आता अठ्ठावन्न तास आहे. ती अजूनही कायद्याने तिच्या वडिलांना घातलेल्या मर्यादेपेक्षा दहा तासांनी जास्त आहे.

डोकेदुखी कमी झाली आहे, थांबलेली नाही. तिचे गुण किती कमी होतील किंवा होणार नाहीत, ते मे महिन्यात कळेल. गेल्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घुंगरांचा आवाज येत होता. आत डोकावले तर ती एकच तुकडा पुन्हा पुन्हा करत होती, चुकत होती आणि चुकल्यावर हसत होती. कशाची तयारी, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. मी विचारले नाही.